उतरणारा माणूस

हिडन व्हॅलीच्या कॅम्पग्राउंडमध्ये आमची तिसरी फेरी चालली होती. गुरुवार, १० नोव्हेंबर २०२२, सकाळचे पावणेदहा. गाडी पायी चालल्यासारखी हळू नेत मी प्रत्येक जागेसमोरच्या खांबाकडे बघत होते. खांबाला चिठ्ठी अडकवलेली असली की जागा गेली. नसली की आपली. ४४ खांब होते आणि ४४ चिठ्ठ्या.

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "रिकामी जागा काय शोधतीस गं? उतरणारा माणूस शोध."

बाबांनी ३२ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, सातारा डेपोला. तंबूत ते आयुष्यात कधी झोपले नव्हते. जोशुआ ट्री नॅशनल पार्क हे नावही त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडूनच ऐकलं होतं. आणि या वाळवंटात मुक्कामाची जागा कशी मिळवायची, हे सहा महिने डोकं खपवून मला जे कळलं नव्हतं, ते त्यांना तीन फेऱ्यांत कळलं.

त्या सहा महिन्यांबद्दल आधी सांगते. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारी आपली पुष्कळ मंडळी दर हिवाळ्यात याच खटाटोपात असतात.

वाळवंटाचा हंगाम उलटा असतो. जून ते सप्टेंबर दुपारी तिथे उभं राहवत नाही. ऑक्टोबर उजाडला की लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, फिनिक्स इथून गाड्यांची रीघ लागते ती मे महिन्यापर्यंत. पार्क गोव्याहून थोडंसंच लहान आहे, जवळजवळ आठ लाख एकर. वर्षाला तीस लाखांच्या आसपास माणसं येतात आणि तंबू ठोकायच्या जागा सगळ्या मिळून साधारण ५००. त्यातल्या बहुतेक आरक्षणाच्या. तारखेच्या बरोबर सहा महिने आधी, कॅलिफोर्नियातल्या सकाळी सातला, सरकारी वेबसाइटवर त्या खुल्या होतात. ११ नोव्हेंबरला इथे सुट्टी असते, व्हेटरन्स डे. त्या वर्षी तो शुक्रवारी आला होता, म्हणजे सलग तीन दिवस. मे महिन्यात मी पहाटेचा चहा हातात घेऊन लॅपटॉपसमोर बसले होते. सात वाजले, मी बटण दाबलं, पान उघडेपर्यंत मला हवी ती जागा गेलेली होती. दुसरी निवडली, तीही गेली. नंतर कळलं की जाणती माणसं शनिवारसाठी शनिवारपासून आरक्षण करतच नाहीत. ती बुधवारपासून करतात. म्हणजे शनिवारची तारीख खुली होते तेव्हा ती आधीच कुणाच्या तरी मुक्कामात गुंतलेली असते.

मग रद्द होणाऱ्या जागांवर नजर ठेवायची. याला एक लय आहे, ती समजली तर खरंच उपयोग होतो. पोचायच्या आदल्या दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचे पैसे बुडतात. म्हणून ज्यांचं जायचं डळमळीत असतं ते दोन-तीन दिवस आधी निर्णय घेतात आणि त्या वेळी जागा सुटतात. एकेका रात्रीच्या सुटतात. सलग तीन रात्री एकाच ठिकाणी मागितल्या तर वेबसाइट काही नाही म्हणते. एक रात्र इथे, दुसरी तिथे, असं तुकड्यांत मागितलं तर काहीतरी हाती लागतं. मी हे सगळं केलं. सोमवारची एक रात्र मिळाली, ती आमच्या कामाची नव्हती. आई-बाबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत निघणार होते. नवऱ्याला ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. माझ्या नऊ वर्षांच्या ईशाननं आजोबांना कबूल केलं होतं की तो त्यांना तंबूत झोपवणार.

राहिली ती तीन कॅम्पग्राउंड जिथे त्या वर्षी आरक्षण नव्हतंच: हिडन व्हॅली, बेल आणि व्हाइट टँक. ४४, १८ आणि १५ जागा. जो आधी येईल त्याची. रात्रीचे तेव्हा १५ डॉलर पाकिटात घालून पेटीत टाकायचे, पाकिटाचा फाडलेला तुकडा खांबाला लावायचा. मित्रांसाठी जागा धरून ठेवायची नाही. जो हजर आहे त्यानंच घ्यायची. ईशानच्या शाळेला गुरुवारी दांडी मारून आम्ही पहाटे साडेपाचला अर्वाइनहून निघालो. सॅन गोर्गोनियोच्या गर्दीच्या खिंडीतून, तिथल्या पवनचक्क्यांमधून जाताना आईनं विचारलं की एवढ्या चक्क्या फिरताहेत, मग इथे वीज स्वस्त असेल ना. मला उत्तर देता आलं नाही. मी वेळ मोजत होते.

एसटीत जागा कशी धरतात हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आधी पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचा, पिशवी टाकायची, टोपी टाकायची, लहान पोराला आत सोडायचं. मी स्वतः कॉलेजात असताना साताऱ्याच्या स्टँडवर ओढणीसुद्धा टाकली आहे. बाबांना हे कधीच आवडलं नाही. त्यांचं म्हणणं, रुमाल बसत नाही, माणूस बसतो. पण ते रुमालावरून भांडण मात्र होऊ द्यायचे नाहीत. त्यांची रीत निराळी होती. तिकिटं फाडत मागून पुढे येताना कुणाला कुठे उतरायचंय हे कंडक्टरला माहीत होतं आणि ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसायचं. कराडच्या गाडीत एखादी म्हातारी दांडी धरून उभी असली की ते तिला हळूच म्हणायचे, "मावशी, तिथं तिसऱ्या खिडकीपाशी उभ्या रहा. ते पाव्हणं नागठाण्याला उतरत्यात." अतीतला कोण उतरणार, उंब्रजला कोण, सगळं त्यांच्याकडे असायचं. गाडी गच्च भरलेली असली तरी ती आतल्या आत सारखी रिकामी होत असते, फक्त ते दिसावं लागतं.

"खांबावरच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय?" त्यांनी ईशानला विचारलं.

ईशाननं काच खाली केली. जागेचा नंबर, गाडीचा नंबर आणि जायची तारीख.

"मग झालं की. तिकीटच आहे ते. कुठं उतरणार ते वाचत चल."

चौथी फेरी आम्ही तारखा वाचत मारली. ईशान ओरडून तारीख सांगायचा, बाबा बोटांवर धरायचे. तेरा, तेरा, चौदा, तेरा, दहा. आजची तारीख असलेल्या तीन जागा निघाल्या. त्या तिन्ही ठिकाणांवरून मी आधी तीन वेळा गेले होते.

विचारायलाही एक पद्धत लागते. गाडी कुणाच्या जागेत घालायची नाही, रस्त्याच्या कडेला थांबवायची. चालत जायचं, पण तंबू आणि टेबल यांच्यामधून जायचं नाही. ती त्यांची माजघर-ओसरी असते. आधी नमस्कार-चमत्कार, मग प्रश्न. तंबूची चेन लावलेली असेल तर हाक मारायची नाही. यातलं पहिलं मला माहीत होतं, शेवटचं बाबांनी सांगितलं: "झोपलेल्या माणसाला उठवून विचारायचं नाही. थांबा आला की आपणच उठतो तो." पहिल्या जागेवरच्या जोडप्यानं सांगितलं की पहाटेच एक मुलगा येऊन विचारून गेला, त्याला शब्द दिलाय. दुसऱ्यांनी आणखी एका रात्रीचे पैसे भरले होते, चिठ्ठी बदलायची राहिली होती. तिसऱ्या ठिकाणी तंबूत कुणी नव्हतं. ती मंडळी शेजारच्या कातळावर चढायला गेली होती. हिडन व्हॅलीत हे नेहमीचं आहे. जगभरचे प्रस्तरारोहक गेली कित्येक दशकं इथे मुक्काम ठोकत आलेत. वर पाहिलं तर इंटरसेक्शन रॉकवर दोराला लटकलेली दोन माणसं मुंगीएवढी दिसत होती. जागा दुपारी बारापर्यंत सोडायची असते. त्या खांबापाशी आमच्या आधीपासून एक गाडी थांबलेली होती.

"चला, पुढची गाडी बघू," बाबा म्हणाले.

हिडन व्हॅलीहून बेलकडे जाणारा रस्ता आम्ही एरवी थांबत थांबत केला असता. दोन दिवसांपूर्वी पाऊस होऊन गेला होता. आभाळ धुतलेलं होतं. दोन्ही बाजूंना जोशुआची झाडं, मधून मधून घराएवढे, कधी चार मजली इमारतीएवढे गोलसर कातळ. दहा कोटी वर्षांपूर्वी, आणि त्याच्याही आधी, जमिनीच्या पोटात थंड झालेला हा खडक. त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी झिरपलं, कोपरे झिजले, वरची माती वाहून गेली आणि आतले गोटे उघडे पडले. जोशुआच्या झाडाला वार्षिक वलयं नसतात, कारण ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात आपल्या घायपाताच्या भाऊबंदांतलं आहे. आईनं ते न सांगता ओळखलं. "केकताडाला खोड फुटल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. वर्षाला अर्धा ते तीन इंच वाढतं. त्याच्या फुलांतले परागकण एक छोटा पतंग गोळा करून नेतो आणि दुसऱ्या फुलात स्वतः नेऊन भरतो, कारण त्याच फुलात त्यानं अंडी घातलेली असतात आणि पिलांना पुढे बिया लागणार असतात. पतंग नसेल तर बी धरणार नाही, आणि झाड नसेल तर पतंगाचाही वंश चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच झाडं आणि निवडुंग लोक उपटून गाड्या भरभरून लॉस एंजेलिसच्या बागांमध्ये लावायला नेत होते. मिनर्वा हॉइट नावाच्या साउथ पासाडेनाच्या एका बाईंनी ते पाहिलं. मुलगा आणि नवरा गेल्यावर त्या वाळवंटात येऊन राहत असत. त्यांनी वाळवंटी झाडांची प्रदर्शनं न्यूयॉर्क, बोस्टन आणि लंडनला नेली, राजकारण्यांचे उंबरठे झिजवले, आणि १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवला. १९९४ मध्ये त्याचं नॅशनल पार्क झालं. त्यांच्या कितीतरी आधीपासून सेरानो, काहुइया, चेमेहुएवी, मोहावी हे मूळ रहिवासी इथे ऋतूंप्रमाणे येऊन-जाऊन राहत होते. पाइनच्या बिया पिकल्या की वर, थंडी वाढली की खाली. मुक्काम हलवत राहणं ही इथली जुनी रीत आहे. मला हे बाबांना सांगायचं होतं, पण गाडीत तेव्हा कुणी बोलत नव्हतं.

बेल भरलेलं होतं. १८ पैकी आज सुटणारी एकही जागा नाही.

व्हाइट टँकच्या पाटीशी बाबांनी विचारलं, "टँक म्हणजे टाकी? एवढ्या उजाड माळावर?" मी सांगितलं की इथे पूर्वी गुरं राखणारे लोक होते. कातळांच्या बेचक्यात छोटे बांध घालून ते पावसाचं पाणी अडवत. अशा साठ्याला ते टँक म्हणत, म्हणून हे नाव. "म्हणजे गडावरचं टाकंच की," आई म्हणाली. आणि गंमत म्हणजे ती शब्दालाही धरून बोलली. इंग्रजीतला 'टँक' हा शब्द आपल्याकडच्या, गुजराती-मराठीतल्या टाक्यावरूनच गेला असं मत पुष्कळ कोशांत दिलेलं असतं. त्या भागातल्या खडकालासुद्धा भूगर्भशास्त्रज्ञांनी याच जागेचं नाव दिलंय. टाक्याच्या नावाचा खडक! मला त्या क्षणी, जागा नसतानाही, आपण अगदीच परक्या ठिकाणी आलेलो नाही असं वाटलं.

इथे १५ खांब. १३, १३, १४, १३. साडेअकरा वाजले होते. एका खांबावर १२ तारीख होती आणि त्या जागेत एक छोटी व्हॅन उभी होती. टेबलापाशी साठीच्या दोन बायका दुर्बिणी ठेवून काहीतरी लिहीत बसल्या होत्या.

बाबा फलकापाशी गेले. इंग्रजी त्यांना वाचता येतं, सावकाश. एका जागेत सहा माणसं, तीन तंबू, दोन गाड्या. ते तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या दोघीच हैत?"

"हो."

"गाडी एक. आपली एक. त्या दोन, आपण चार."

मला त्यांचा हिशेब कळला आणि मी घाबरले. "बाबा, इथे असं विचारत नाहीत."

"कोण म्हणतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बारा वर्षं इथे राहून मी हे कुठून शिकले होते, मला सांगता येईना. कुणी सांगितलं नव्हतं. हरिश्चंद्रगडावर गुहेत शिरताना आधीच झोपलेल्यांना "दादा, जरा सरकता का?" म्हणायला मला कधी काही वाटलं नव्हतं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात भर पावसात आम्ही आठ मुली शिरलो तेव्हा आत बसलेल्या मुलांनी न विचारता सतरंज्या गोळा केल्या होत्या. तीच मी इथे गाडीत काच वर करून बसले होते.

"तिघांच्या सीटवर चौथा बसवायचा म्हणजे कंडक्टरनं तोंड उघडावं लागतं," बाबा म्हणाले. "चौथा आपण होऊन विचारत नाही, आणि तिघं आपण होऊन सरकत नाहीत. लाजतात दोघंही. मधल्यानं म्हणायचं, सरका थोडं. सरकतात. नाही म्हणाले तर उभं राहू."

ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही, आणि तिथूनच हात जोडले. दोघींनी मान वर केली. पुढचं मला बोलावंच लागलं. मी सांगितलं की आई-वडील भारतातून आलेत, सकाळपासून तिन्ही ठिकाणं पाहिली, तुमच्या जागेत नियमानं आम्ही बसतो, पण तुम्हाला नको असेल तर अगदी मोकळेपणानं सांगा. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातल्या उंच बाईंनी विचारलं, "आम्ही नऊला झोपतो. चालेल?"

"आम्ही आठलाच," मी म्हटलं.

"तुमच्याकडे लाकडं आहेत?" दुसरीनं विचारलं. पार्कातली पडलेली काटकीसुद्धा जाळायला घेता येत नाही. लाकडं बाहेरून आणावी लागतात आणि त्यांची संपली होती. आमच्याकडे दोन मोळ्या होत्या. मी भाड्यातला अर्धा वाटा देऊ केला तर त्या नको म्हणाल्या. लाकडं पुरे.

तंबू लावताना बाबा मेखा ठोकत होते आणि ईशान त्यांना शिकवत होता. आईचा जीव पाण्यात अडकला होता. इथे नळ नाही. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, असं धरून पाणी बरोबर आणायचं असतं. तिनं कॅन उघडून पहिल्यांदा तांब्यानं मोजलं. चार माणसं, तीन रात्री, वर भांडी. दुष्काळी माणमधलं माहेर तिचं. पाण्याचा अंदाज घेण्यात तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. भांडी तिनं आधी वाळूनं आणि मग ओंजळभर पाण्यानं काढली. त्या दोघी ते बघत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही तसंच केलं.

पावणेपाचच्या आधीच सूर्य गेला. कातळ आधी गुलाबी झाले, मग तांबूस, मग एकदम राखाडी, आणि थंडी पायातून वर आली. पिठलं शेगडीवर, भाकरी घरून आणलेली, आणि शेकोटीच्या जाळीवर ती पुन्हा भाजून घेतलेली. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या दोघींनी ठेच्याला हात लावला नाही, पिठलं मात्र दोनदा घेतलं. त्रिपुरी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. आईनं पिशवीतून उरलेली पणती काढून टेबलावर लावली. वारा होता म्हणून दोन भांड्यांच्या आडोशाला. सहाच्या सुमाराला पूर्वेकडच्या कातळामागून थोडा झिजलेला चंद्र वर आला. २०१७ पासून हे पार्क अंधाऱ्या आकाशासाठी नावाजलेल्या जगभरच्या उद्यानांच्या यादीत आहे. चांदणं एवढं होतं की तारे कमी दिसले, पण जोशुआच्या झाडांच्या सावल्या वाळूवर सुईसारख्या रेखीव पडल्या होत्या. लांबून कायोटींची कोल्हेकुई आली. आई म्हणाली, "आपल्याकडच्यासारखीच ओरडत्यात."

बाबांना झोप लागली नाही. रात्री केव्हातरी मी बाहेर आले तर ते घोंगडी लपेटून विझत्या निखाऱ्यांपाशी बसले होते. मीही बसले. बऱ्याच वेळानं, मी काही विचारलं नसताना, ते बोलायला लागले.

आषाढीच्या जादा गाड्या होत्या. सातारा-पंढरपूर. म्हसवडच्या नाक्यावर रात्री साडेदहाला गाडी थांबली, पावसाची भुरभुर सुरू होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात उभ्या असलेल्यांनी दार उघडूच दिलं नाही. खाली एक बाई होती, कडेवर मूल, डोक्यावर बोचकं. ती काही बोलली नाही, नुसती बघत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाबांनी डबल बेल मारली. गाडी सुटली. पुढे दिघंचीच्या अलीकडे तिकिटं तपासत ते शेवटच्या बाकापर्यंत गेले, तेव्हा खिडकीच्या सीटवर त्यांना माणूस दिसला नाही. पिशवी होती. शेजारच्यानं मित्रासाठी धरलेली, आणि मित्र मागच्या गाडीत बसलेला.

"जागा होती," बाबा म्हणाले. "मला माहीत नव्हतं. मी शेवटपर्यंत जायला पायजे होतं, मग बेल मारायला पायजे होती."

एवढंच. ती पिशवी कुणाची, त्याला काय बोलले, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. पस्तीस वर्षं झाली असतील त्या रात्रीला.

हे ऐकलेलं होतं म्हणूनच दुसऱ्या दिवशीचं मला इतकं लागलं. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही आरक्षणाच्या एका कॅम्पग्राउंडवरून चालत गेलो. अंधार पडायला आला होता. रस्त्यावर एक जुनी गाडी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत होती, आत चार तरुण मुलं, टपावर गाद्या. आणि दोन्ही बाजूंना आरक्षित जागा: टेबल रिकामं, चूल थंड, तंबू नाही, गाडी नाही. बाबा एकेका खांबापाशी थांबून मोजत होते. अकरा.

"हे आलेच न्हाईत?"

"उशिरा येतील कदाचित."

शनिवारी सकाळी मी मुद्दाम एकटी पुन्हा तिथे गेले. त्या अकरांपैकी सातांवर रात्रीतून कुणी आलेलं नव्हतं. वाळूवर टायरची खूण नव्हती.

मला यावर राग येतो आणि तो मला लपवायचा नाही. सहा महिने आधी जागा घेऊन ठेवणं यात वाईट काही नाही, माणसं दुरून येतात, त्यांना खात्री हवी असते. पण यायचं नाही हे नक्की झाल्यावर ती जागा सोडायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न दिल्यानं कुणीतरी मुलांना घेऊन अंधारात फेऱ्या मारतं, आणि शेवटी पार्काच्या हद्दीबाहेरच्या माळावर जाऊन राहतं किंवा रात्रीच अडीच तास गाडी हाकत घरी परततं. मी स्वतः २०१९ मध्ये असंच केलं होतं. ईशानला ताप होता, आम्ही गेलो नाही, आणि आरक्षण रद्द करायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वीस डॉलरचा तर प्रश्न, जाऊ देत, असं वाटलं होतं. मी पैशांचाच विचार केला होता. त्या रात्री आमच्या टेबलाजवळून किती गाड्या हळू झाल्या असतील, हे मला आता सारखं डोळ्यांसमोर येतं. आता माझं जायचं डळमळीत झालं की मी तीन दिवस आधी जागा सोडते, आणि तीही संध्याकाळच्या वेळी, कामावरून आलेली माणसं वेबसाइट उघडून बसलेली असतात तेव्हा. पार्काच्या आत बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते. त्या फेऱ्या मारणाऱ्या मुलांना तिथे उभं राहून ऑनलाइन काही बघता येत नाही. जे करायचं ते गावातून निघायच्या आधीच करावं लागतं, त्यांनीही आणि जागा धरून बसलेल्यानंही.

त्या चार मुलांना बाबांनी हात करून थांबवलं होतं, ते सांगायचं राहिलं. आमच्या जागेत सहा माणसं पुरी होती, त्यांना घेता येत नव्हतं. पण व्हाइट टँकला सात नंबरवर एकच माणूस आहे, दोनदा हसून बोललाय, त्याला जाऊन विचारा, असं त्यांनी मला सांगायला लावलं. मुलं गेली. रात्री जेवण झाल्यावर ईशान टॉर्च घेऊन बघून आला: सात नंबरवर गाद्या पसरलेल्या होत्या.

शनिवारी सकाळी त्या दोघी निघाल्या. जाताना त्यांनी आईला पक्ष्यांच्या नोंदवहीतलं पान दाखवलं. कॅक्टस रेन, फेनोपेप्ला, गॅम्बेल्स क्वेल, आणि खाली तारखेशेजारी आमच्या चौघांची नावं. आईनं त्यांना उरलेल्या लाकडांची मोळी परत नेऊ दिली नाही आणि मग तीच लाकडं आम्ही रात्री जाळली. मी पाकिटात १५ डॉलर घातले, चिठ्ठीवर १३ तारीख लिहिली. ती खांबाला लावायचा मान ईशानला हवा होता, तो आजोबांनी घेतला.

रविवारी साडेदहाला तंबू पाडून आम्ही सामान भरत होतो. बाबा घडी केलेली सतरंजी काखेत मारून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे होते. मला वाटलं, शेवटचं बघून घेताहेत. तेवढ्यात वळणावरून एक गाडी आली, पायी चालल्यासारखी हळू. चालवणारी बाई मान वाकडी करून एकेका खांबाकडे बघत होती. मागे दोन पोरं.

बाबांनी हात आडवा केला. गाडी थांबली.

"वी गोइंग," ते म्हणाले. "अर्धा तास. यू कम. हिअर."

बाईला अर्धा तास समजला नाही, बाकीचं समजलं. तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मग बाबांनी तिची गाडी मागे घ्यायला लावली, आम्हाला निघायला वाट राहील अशी, स्टँडवर एसटी फलाटाला लावतात तशी. एक हात हवेत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास." चूल नीट विझली आहे का ते त्यांनी हात फिरवून पाहिलं. खांबावरची आमची चिठ्ठी काढून खिशात घातली. खाली बसून गाडीखाली एकदा वाकून बघितलं, कारण वाळवंटी कासवं कधी कधी सावलीला गाडीखाली येऊन बसतात असं त्यांना ईशाननं पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मग ते मागच्या सीटवर बसले, दार लावलं, काच खाली केली आणि पार शेवटपर्यंत मान वळवून मागे पाहिलं. बाहेर हात काढून दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

डबल बेल. मी गाडी काढली.